स्लिंगचा कोन आधी बघ

स्टोअर्सला किंवा शॉपवर नवीन लागलास की सगळे आधी फोर्कलिफ्ट आणि क्रेन दाखवतील. त्याआधी माल किती वेळा उगाच उचलला जातो ते बघ. ट्रकमधून जमिनीवर, जमिनीवरून पॅलेटवर, तिथून रॅकवर. दर वेळी खर्च आणि धोका वाढतो, मालाची किंमत मात्र रुपयानेही वाढत नाही.

क्रेनचं काम असेल तर स्लिंगचा, म्हणजे माल हुकाला अडकवायच्या पट्ट्याचा किंवा दोराचा, कोन समजून घे, यात हयगय नको. १ टनाचा जॉब (उचलायचा नग) दोन पायांच्या स्लिंगने, पाय सरळ उभे ठेवून उचलला तर प्रत्येक पायावर ५०० किलो येतात. पाय फाकून आडव्याशी कोन ६० अंश झाला की तेच साधारण ५७७ किलो होतात. आणि ३० अंशांवर? प्रत्येक पायावर अख्खा १ टन! जॉब तोच, स्लिंग तीच. म्हणून लांब स्लिंग घे म्हणजे पाय कमी फाकतील, शक्यतो ६० अंशांच्या खाली जाऊ नकोस.

बेल्ट स्लिंग जांभळी असेल तर १ टनाची, हिरवी २, पिवळी ३. तरी टॅग वाचच. टॅग नसेल किंवा कडेला काप गेला असेल तर ती बाजूला काढ, सुपरवायझर कितीही घाई करो. धारदार कोपऱ्यावर पॅड लाव. जॉब आधी वीतभर उचलून थांबव. कलला तर खाली घेऊन पुन्हा बांध.

फोर्कलिफ्टचं एवढंच: भरलेली गाडी उतारावरून रिव्हर्समध्येच उतरवायची.