तुमचे प्रश्न: दोन वर्षांत तीन क्लेम, आता गाडीचा विमा कोण देणार?

प्रश्न: माझी गाडी १२०० सीसीची, सात वर्षं जुनी. दोन वर्षांत तीन क्लेम झाले, आधी रिव्हर्स घेताना शेजाऱ्याच्या गडग्याला बंपर घासला, मग कुंभार्ली घाटात पावसात घसरून गटारात गेली, आणि मग रात्री शृंगारतळीच्या पुढे रस्त्यात गुरं बसलेली. एजंट म्हणतो काका यंदा प्रीमियम वाढणार, नायतर नुसती थर्ड पार्टी (फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) घ्या. शिकागोचा भाचा म्हणतो तुम्ही हाय-रिस्क ड्रायव्हर झालात. मुलगा १९ वर्षांचा, लर्निंग लायसनवर. दुसऱ्या कंपनीत जाऊन क्लेमचं बोललोच नाही तर?
एक वाचक, ता. गुहागर

उत्तर: काका, आधी भाच्याचं बघू. तिकडे दारू पिऊन गाडी चालवताना वगैरे सापडलं की ड्रायव्हरच्या नावावर डाग बसतो, विमा आहे हे दाखवायला एसआर-२२ नावाचं सर्टिफिकेट लागतं, ते खरंच आहे. आपल्याकडे विमा गाडीचा, त्यामुळे कंपनी बघते ती मुख्यतः गाडी आणि तुमचे क्लेम. थर्ड पार्टीचा दर तर सरकारच ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेला तुमच्या १००० ते १५०० सीसीचा दर ३४१६ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, मग तुमचे तीन क्लेम असोत की शून्य. फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, आणि तो प्रत्येक कंपनीचा वेगळा, म्हणून एकाच एजंटच्या तोंडावर विश्वास न ठेवता तीन-चार ठिकाणी कोटेशन मागवा.

खरा फटका एनसीबीचा, म्हणजे नो क्लेम बोनसचा आहे. क्लेम नसेल तर पहिल्या वर्षी २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळते, पण एक क्लेम केला की पुढच्या रिन्युअलला थेट शून्य. आता तो गडग्याचा बंपर घ्या, बिल ६००० धरू. प्लास्टिक म्हणून निम्मे घसाऱ्यात गेले, १००० कंपल्सरी एक्सेस (दर क्लेमला आपल्याच खिशातून जाणारी रक्कम), हातात आले २०००. ओन डॅमेजचा प्रीमियम ९००० असेल नि ३५ टक्के एनसीबी असेल तर त्या दोन हजारांसाठी तुम्ही ३१५० घालवलेत! (झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, असेल तर हिशोब बदलतो, पण सात वर्षांच्या गाडीला ते मिळायलाच मारामार.) घाटातला क्लेम केलात ते बरोबरच, पण बंपर गॅरेजवाल्याकडून खिशातून करून घ्यायचा होता.

क्लेम लपवायचं मात्र डोक्यातून काढा. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून एनसीबीची खात्री करून घेते आणि खोटं निघालं तर नेमक्या मोठ्या क्लेमच्या वेळी हात वर करते. आणि काही झालं तरी पॉलिसी लॅप्स होऊ देऊ नका, गणपतीच्या गडबडीत लोक विसरतात. लॅप्स झाली की ओन डॅमेजसाठी गाडीचं इन्स्पेक्शन होतं, बिनविम्याची सापडली तर पहिल्यांदा २००० दंड, दुसऱ्यांदा ४०००, शिवाय कैदही होऊ शकते, आणि ९० दिवस उलटले की उरलीसुरली एनसीबीही गेली.

मुलाचं सोपं आहे. एल बोर्ड लावा, पक्कं लायसन असलेला माणूस शेजारी बसू दे, मग विम्याची अडचण नाही. एकटा बाजारात गेला आणि ठोकली तर ओन डॅमेज विसरा. आणि घाटात त्याला एवढ्यात देऊ नका, हे विम्याचं नाही, माझं मत!

प्रश्न: सीझनला माझा भाऊ माझ्या पांढऱ्या पाटीच्या गाडीतून टुरिस्टना तारकर्लीला सोडतो, पैसे घेतो. अपघात झाला तर?
एक वाचक, मालवण

उत्तर: भाड्याने नेताना ठोकली तर कंपनी ओन डॅमेज नाकारणार, कारण प्रायव्हेट पॉलिसीत भाड्याचा वापर बसतच नाही. आत बसलेल्या पाव्हण्यांना लागलं तर भरपाईचा भार मालक म्हणून तुमच्यावर येऊ शकतो, भावावर ढकलता येणार नाही. धंदा करायचाच तर परमिट काढा, पिवळी पाटी करा, कमर्शियल पॉलिसी घ्या. महाग पडते, पण तोवर भावाला किल्ली देऊ नका.