नकटा, नुक्ता की कंगवा?

प्रश्न असा आलाय : इंग्रजीत ज्याला कोम्ब डक म्हणतात त्या पक्ष्याला एका भाषांतरात "कंगवा बदक" म्हटलंय, जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्याचं नाव "नुक्ता" दिसतं, आणि प्रश्नकर्त्यांचे वडील त्याला सरळ "नकटा" म्हणतात. यातलं बरोबर कुठलं? शिवाय नाकावर एवढा मोठा उंचवटा घेऊन फिरणाऱ्याला नकटा का म्हणायचं? आणि तो "नकटा बदक आला" की "आलं"?

वडील बरोबर आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

कंगव्याचं लगेच निकालात काढू. इंग्रजीत कोंबड्याच्या डोक्यावरच्या लाल तुऱ्यालाही कोम्बच म्हणतात आणि इथे तोच अर्थ आहे. भाषांतर करणाऱ्याने (किंवा मशीनने, हल्ली कळत नाही) डिक्शनरीतला पहिला अर्थ उचलला आणि बिचाऱ्याच्या डोक्यात कंगवा खोचला. पक्ष्याच्या शास्त्रीय नावात मात्र ही भानगड नाहीये, सार्किडिऑर्निस मेलानोटोस, म्हणजे मांसाचा तुकडा असलेला पक्षी, काळ्या पाठीचा. नराच्या चोचीवर काळपट मांसल गोळा असतो तो हा तुकडा. पाठ काळी, उन्हात हिरवी-जांभळी चमकते, पोट पांढरं, आणि डोकं-मान पांढरी पण त्यावर काळे ठिपके, कोणी शाईचा पेन झटकल्यासारखे.

या ठिपक्यांमुळेच "नुक्ता"चा घोळ जास्त वाढतो. हिंदी-उर्दूत नुक्ता म्हणजे टिंब, ज च्या खाली देतात ते. डोक्यावर टिंबं आहेत म्हणून नुक्ता, अशी व्युत्पत्ती मी स्वतः दोन जणांकडून ऐकलीय आणि पहिल्यांदा ऐकताना मलाही पटली होती, खोटं कशाला बोलू. पण जुन्या इंग्रजांची स्पेलिंगं आठवा. आपल्या ऱ्हस्व अ साठी ते यू वापरायचे. पंजाब लिहायचा पी-यू पासून, लखनौ एल-यू पासून, कटक सी-यू पासून, जंगल आणि पंडित पण तसेच. मग एन-यू-के-टी-ए हे त्यांनी ऐकलेलं "नक्‌टा" आहे, नुक्ता नव्हे. आपण ते पुस्तकातून परत आपल्या भाषेत आणताना उकार लावून आणलं. आपलीच वस्तू परदेशातून नवं लेबल लावून परत यावी तसं झालं हे.

आता खरी गंमत, नकट्याची. आपल्याकडे नकटा म्हणजे बसक्या नाकाचा किंवा नाक कापलेला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, नकटं व्हावं पण धाकटं होऊ नये, सगळीकडे नाकाचा अभावच. आणि हा तर नाकाचा डोंगर घेऊन फिरतोय! काही जण म्हणतात उलट नाव ठेवलंय, चेष्टेने. मला ते तितकंसं पटत नाही. छोटा नागपूरकडे याच पक्ष्याला "नकवा" म्हणत असल्याची जुनी नोंद आहे, तिथे कापण्याबिपण्याचा संबंधच नाही, नुसतं नाक. तेलुगूत "जुट्टु चिलुवा" म्हणतात, जुट्टु म्हणजे शेंडी, तुरा. म्हणजे बघणाऱ्या सगळ्यांची नजर गेली ती त्या एका जागी. मराठीत -टा लागून झालेले चोरटा वगैरे शब्द आहेत आणि ते जरा हिणवण्याच्या सुरातच येतात, तसं नाक + टा, "नाकवाला मेला" असं काहीतरी झालं असावं आणि मग ते आधीपासून असलेल्या नकटा (नाक + कट) या शब्दात मिसळून गेलं असावं. हा माझा अंदाज आहे, पण मला तो उलट्या चेष्टेपेक्षा जवळचा वाटतो.

अजून एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हा गोळा वर्षभर सारखा नसतो. विणीच्या हंगामात, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात, तो फुगतो, एरवी बराच लहान दिसतो. म्हणजे हे नाव हिवाळ्यात दुर्बीण घेऊन बदकं मोजायला जाणाऱ्याने ठेवलेलं नसणार, ज्याने जुलै-ऑगस्टच्या चिखलात तळ्याकाठी उभं राहून त्याला पाहिलंय अशा माणसाने ठेवलेलं असणार, मासे धरणारा, भात लावणारा. माझे मामा गोंदियाकडचे, ते सांगायचे की नकटा पावसाळ्यात झाडावर बसतो, आणि बदक झाडावर बसतं यावर माझा काही केल्या विश्वास बसायचा नाही. खरंच बसतो पण. घरटंसुद्धा पाण्याजवळच्या जुन्या झाडाच्या ढोलीत असतं, साधारण ८ ते १२ अंडी, आणि पिल्लं बाहेर पडायची वेळ झाली की ढोलीतून सरळ खाली उड्या मारतात.

त्यामुळे नुसतं पाणी असून त्याचं भागत नाही. गोड्या पाण्याचं उथळ, गवताळ तळं पाहिजे, शेजारी धानाची शेतं असली तर उत्तम (देवधान म्हणजे तळ्यातला रानभात आणि शेतातला भात, दाणे आणि कोंब दोन्ही खातो, सोबत पाण्यातले किडे), आणि काठावर ढोली पडण्याइतकी म्हातारी झाडं. विदर्भातले कोहळी लोकांनी बांधलेले मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, ताब्यातले) आणि बोड्या (छोटी तळी) या बाबतीत त्याच्या सोयीच्या. तलावाचं खोलीकरण-सुशोभीकरण म्हणून गाळासोबत काठची झाडंही काढली की तळं दिसायला मस्त दिसतं, नकट्याला तिथे काही राहत नाही.

आणि हो, "लीस्ट कन्सर्न" चं मराठी काय तेही विचारलंय. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत (कुठली प्रजाती किती धोक्यात आहे ते सांगणारी यादी) नकटा याच वर्गात आहे, कारण आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला, मादागास्करमध्ये आणि पाकिस्तानपासून लाओसपर्यंत एवढा मोठा त्याचा पसारा आहे. "किमान चिंता" हा शब्द वापरतात, मला तो चालतो, पण "चिंतामुक्त" लिहू नका प्लीज. चिंतामुक्त म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं सगळीकडे आलबेल आहे. हा वर्ग अख्ख्या जगाचा हिशोब सांगतो, तुमच्या तालुक्याचा नाही. १७६९ मध्ये पेनंट या इंग्रज निसर्गअभ्यासकाने या पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ते श्रीलंकेतल्या पक्ष्यावरून, आणि त्याच श्रीलंकेतून तो पुढे नाहीसा झाला, आता चुकून-माकून एखादा दिसतो. सायटीस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात त्याचं नाव दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे देशाबाहेरच्या व्यापारावर परवान्याचं बंधन.

राहिला आला की आलं. बदक नपुंसकलिंगी, म्हणून व्याकरणाने "नकटं बदक आलं" व्हायला हवं असं वाटतं, पण तसं लिहिलंत तर अर्थच बदलतो, बसक्या नाकाचं कुठलंही बदक असा होतो. इथे नकटा हे विशेषण नाहीये, पक्ष्याचं नाव म्हणजे नाम झालंय. तेव्हा सरळ "नकटा आला" लिहा, बदक हा शब्द लावायचीच गरज नाही. मादी त्याच्या मानाने बरीच लहान असते आणि तिच्या चोचीवर गोळा नसतो, म्हणजे शब्दार्थाने खरी नकटी तीच, पण तिलाही लोक "नकट्याची मादी" म्हणतात, नकटी नाही. का ते आता त्या म्हणीला विचारा.