डिझेलवाल्या बोअरचं पाणी तपासायला निघालास? आधी हे वाच

सांवेर रोडच्या त्या डिझेल गळलेल्या साइटवर जाणारेस, तर बाटल्या भरायची घाई करू नकोस. आधी सगळ्या बोअरची पातळी एकाच दिवशी मोज. पाणी कुठून कुठे वाहतंय ते कळायला किमान तीन बोअर लागतात, आणि तेही एका ओळीत नकोत. आपल्या इंदूरला काळ्या मातीखाली बेसॉल्टचा कठीण खडक आहे. पाणी भेगांमधून पळतं, त्यामुळे उताराच्या बाजूचा बोअर स्वच्छ निघाला म्हणून सुटलो असं समजू नकोस.

डिझेल पाण्यापेक्षा हलकं, वर तरंगतं. म्हणून बोअरचा जाळीचा पाइप पाण्याच्या पातळीच्या वर-खाली दोन्हीकडे हवा. तो पूर्ण बुडालेला असेल तर तवंग आत येणारच नाही नि तू खुशाल ‘काही नाही’ लिहून मोकळा होशील! इंटरफेस मीटर (तेल कुठे लागलं नि पाणी कुठे लागलं ते सांगणारी मोजपट्टी) सावकाश सोड, तेल आणि पाणी दोन्हींची खोली टिपून घे. बोअरमधला थर जमिनीतल्या थरापेक्षा बहुधा जाडच दिसतो, तेव्हा त्यावरून गळतीचे लिटर काढत बसू नकोस. पावसाळ्यात पातळी चढली की तेल खडकात अडकतं, थर गायब होतो. मॅनेजरसाहेब खूष होतात. उन्हाळ्यात परत मोज.

तवंग असलेल्या बोअरचं पाणी विरघळलेल्या तेलासाठी पाठवू नकोस, आकडा फसवा येतो. बाकीचे नमुने स्वच्छ बोअरपासून सुरू करून घाणेरड्याकडे जात घे. बाटली काचेचीच, बर्फात. आणि शेजारी जनरेटर चालू असेल तर आधी बंद करायला लाव, त्याच्या धुराने नमुना खराब होतो.