उंची कमी केली म्हणजे पकड वाढते का? सस्पेन्शनविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी २०२० सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ आता ७० हजार किलोमीटर धावली आहे. एक्स्प्रेसवेवर लेन बदलताना मागची बाजू उशिरा सावरते आणि खड्ड्यांत मोटार जोरात आदळते. उंची ३० मिलिमीटरने कमी करणाऱ्या स्प्रिंगा बसवल्यास दोन्ही तक्रारी दूर होतील, असे एका गॅरेजमध्ये सांगण्यात आले. हे कितपत खरे आहे? (पुणे)

उत्तर : आपण वर्णन केलेली दोन्ही लक्षणे थकलेल्या शॉक ॲब्सॉर्बरची आहेत, स्प्रिंगांची नव्हेत. स्प्रिंग मोटारीचे वजन पेलते आणि धक्का साठवून ठेवते. तो साठवलेला धक्का उष्णतेत बदलून संपवण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरचे असते. त्यातील तेल व झडपा थकल्या की बॉडी एका हेलकाव्यात स्थिरावण्याऐवजी दोन-तीन हेलकावे घेते आणि लेन बदलताना नेमके हेच जाणवते. अशा शॉक ॲब्सॉर्बरवर जास्त कडक आणि आखूड स्प्रिंगा बसवल्यास त्यांच्यावरील भार वाढतो व उरलेसुरले नियंत्रणही जाते.

उंची कमी करण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. समजा, मोटार स्थिर असताना चाकाला वर सरकण्यासाठी ७० मिलिमीटर जागा आहे. उंची ३० मिलिमीटरने उतरवली की त्यातील ४० मिलिमीटरच उरते. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा ती किती मिलिमीटर दबली याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तोच खड्डा ४० मिलिमीटरमध्ये पचवायचा तर स्प्रिंग सुमारे तिप्पट कडक हवी. रस्त्यावरच्या मोटारींसाठी विकल्या जाणाऱ्या उंची उतरवणाऱ्या स्प्रिंगा इतक्या कडक नसतात, आणि असल्या तर आपण त्या आठवडाभरात काढून टाकाल. मग उरलेला धक्का बंप स्टॉपवर, म्हणजे चाकाची वर सरकण्याची जागा संपते तिथल्या रबरी अडथळ्यावर जातो. वळणात बाहेरचे चाक बंप स्टॉपला टेकले की त्या कोपऱ्याचा कडकपणा एकाएकी कैक पटींनी वाढतो आणि टायरची पकड सुटते. म्हणजे आरामही गेला आणि पकडही.

आपल्या मोटारीच्या पुढच्या बाजूस मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात असलेली रचना आहे, हेही लक्षात घ्यावे. या रचनेत मोटार फार खाली आणली की लोअर आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारी खालची दांडी) चाकाकडे वर चढता होतो आणि बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली जातो. त्या दोहोंतील अंतर वाढल्यामुळे बॉडीला कलवणारा जोर वाढतो. खाली उतरवलेली मोटार वळणात अधिक कलू पाहते, हे ऐकायला विचित्र वाटले तरी भूमितीनुसार खरे आहे.

तेव्हा मूळ स्प्रिंगा तशाच ठेवून चारही शॉक ॲब्सॉर्बर बदलावेत. मूळ उंचीसाठी बिलस्टीनचे बी६ किंवा कोनीचे स्पेशल ॲक्टिव्ह हे प्रकार आपल्या वापराला साजेसे आहेत. बिलस्टीनचेच बी८ आखूड बॉडीचे असून ते उतरवलेल्या मोटारींसाठी बनवलेले आहेत, त्यामुळे मागणी नोंदवताना हा फरक तपासून घ्यावा. त्याच वेळी स्ट्रटचे वरचे माउंट, बंप स्टॉप, लोअर आर्मचे बुश (सांध्यातील रबरी भाग) आणि लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला जोडणाऱ्या दांड्या) हेही बदलावेत, कारण मजुरी एकदाच पडते. एवढे करूनही समाधान झाले नाही तर स्प्रिंगांचा विचार जरूर करावा, परंतु उतार १५ मिलिमीटरच्या पुढे नेऊ नये, असे माझे मत आहे. आपल्या गल्लीबोळांतील गतिरोधक रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचे, म्हणजे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असते, तर मी थोडा उदार झालो असतो.

प्रश्न : माझ्याकडे पोर्शे ७१८ केमन आहे. पीएएसएम (शॉक ॲब्सॉर्बरचा कडकपणा रस्त्यानुसार बदलणारी पोर्शेची यंत्रणा) असून २० इंची चाके आहेत. घाटात मोटार अप्रतिम चालते, पण काँक्रीटच्या रस्त्यावर सतत ठकठक होते आणि तासाभरात पाठ दुखू लागते. महागडे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेले, उंची बदलता येणारे संच) बसवल्यास फरक पडेल का? (मुंबई)

उत्तर : काँक्रीटच्या रस्त्यावर साधारणतः दर साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. त्यामुळे सेकंदाला साडेपाचहून थोडे अधिक धक्के बसतात. बसलेल्या माणसाचे शरीर उभ्या दिशेच्या ४ ते ८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४ ते ८ कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असते. स्पोर्ट्स मोटारीची बॉडी स्प्रिंगांवर साधारण दीड ते दोन हर्ट्झने हलते, तर चाक स्वतः १० ते १५ हर्ट्झच्या आसपास. सांध्यांचा ठोका या दोहोंच्या मधोमध आणि नेमका आपल्या पाठीच्या कण्याला नकोशा पट्ट्यात पडतो. वेग थोडा कमी-जास्त करून पाहिल्यास त्रास बदलतो का, हे आपण स्वतः तपासू शकता.

असा छोटा, तीक्ष्ण धक्का सर्वांत आधी टायरची भिंत पचवते. आपल्या पुढच्या टायरचे माप २३५/३५, म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर आणि भिंत तिच्या ३५ टक्के, असे असल्यास भिंतीची उंची ८२ मिलिमीटर आहे. याच मोटारीला कारखान्यातून मिळणाऱ्या १८ इंची चाकांवरील २३५/४५ टायरची भिंत सुमारे १०६ मिलिमीटर असते आणि चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो. हे २४ मिलिमीटर रबर कोणत्याही कॉइलओव्हरपेक्षा स्वस्त आणि या तक्रारीवर अधिक परिणामकारक आहे. चाकेही हलकी होतात, त्यामुळे शॉक ॲब्सॉर्बरला त्यांना आवरणे सोपे जाते. स्टीअरिंगचा प्रतिसाद किंचित मऊ होईल, तो दोन दिवसांत अंगवळणी पडतो.

त्याआधी टायरमधील हवा थंड स्थितीत तपासावी. पंपावर गरम टायरमध्ये अंदाजाने भरलेली जादा हवा ही या तक्रारीमागे वारंवार आढळणारी आणि सर्वांत कमी खर्चात दूर होणारी बाब आहे. पीएएसएम काढून साधे कॉइलओव्हर बसवणे मला पटत नाही. रस्त्यानुसार बदलणारी यंत्रणा काढून न बदलणारी बसवायची आणि वर पॅनेलवरचा इशारा बंद ठेवण्यासाठी वेगळा सुटा भाग विकत घ्यायचा, हा व्यवहार तोट्याचा आहे.

प्रश्न : फोक्सवॅगन पोलो जीटीआयला मागच्या बाजूस जाड स्टॅबिलायझर बार (दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडून मोटारीचे कलणे रोखणारी दांडी) बसवला तर पुढची बाजू वळणाबाहेर ओढली जाण्याचे प्रमाण कमी होते, असे वाचले. बसवावा का? (नाशिक)

उत्तर : वाचले ते बरोबर आहे. मागची बाजू कलण्यास अधिक विरोध करू लागली की वजनाच्या आडव्या स्थलांतरातील मोठा वाटा मागे जातो, पुढच्या दोन टायरांवरील भार अधिक समान राहतो आणि पुढची पकड वाढते. मात्र ती मागच्या पकडीतून उसनी घेतलेली असते. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २२ ऐवजी २४ मिलिमीटर म्हणजे केवळ दोन मिलिमीटरचा फरक, पण बार ४० टक्क्यांहून अधिक कडक होतो. आपल्या मोटारीच्या मागच्या बाजूस टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा, पिळला जाणारा आडवा तुळईसारखा भाग आहे आणि तो स्वतःच काही अंशी स्टॅबिलायझरचे काम करतो, हे हिशेबात धरावे.

कोरड्या ट्रॅकवर मी होय म्हणालो असतो. पावसाळ्यात कसारा घाटात उतारावर, वळणाच्या मध्यात समोर ट्रक दिसल्यामुळे ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, तर हलकी झालेली मागची बाजू घसरू शकते. शिवाय जाड बार एका चाकाचा धक्का दुसऱ्या बाजूस पोहोचवतो, त्यामुळे तुटक्या कडांच्या रस्त्यावर डोके डावी-उजवीकडे हलत राहते. आधी चार चांगले टायर घ्यावेत. त्यानंतरही बार हवाच असेल तर वेगवेगळ्या छिद्रांत जोडून कडकपणा कमी-जास्त करता येईल असा घ्यावा आणि पावसाळ्यात सर्वांत मऊ छिद्रावर ठेवावा.

प्रश्न : मी १९९० च्या दशकातील मझदा एमएक्स-५ घेतली आहे. नव्या कॉइलओव्हरच्या शॉक ॲब्सॉर्बरचा कडकपणा बदलणाऱ्या स्क्रूला तीस क्लिक (टप्पे) आहेत आणि विक्रेत्याने ‘आवडीप्रमाणे ठेवा’ एवढेच सांगितले. स्प्रिंग किती कडक असावी आणि क्लिक कुठे ठेवावेत? (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

उत्तर : कडकपणाचा आकडा कॅटलॉगमधून उचलण्याऐवजी तो वारंवारतेवरून, म्हणजे बॉडी स्प्रिंगांवर सेकंदाला किती वेळा हलते त्यावरून काढावा. समजा, पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगने पेललेले वस्तुमान २३० किलो आहे आणि आपल्याला रस्त्यावर चपळ तरीही सुसह्य अशी १.८ हर्ट्झची चाल हवी आहे. तर चाकापाशी सुमारे २९ न्यूटन प्रति मिलिमीटर कडकपणा लागतो. पण स्प्रिंग चाकावर नसून विशबोनवर (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या आर्मवर) आतल्या बाजूस असते. चाक एक मिलिमीटर हलल्यावर स्प्रिंग ०.६५ मिलिमीटर दबत असेल, तर या गुणोत्तराच्या वर्गाने भागावे लागते आणि प्रत्यक्ष स्प्रिंग सुमारे ७० न्यूटन, म्हणजे ७ किलो प्रति मिलिमीटरच्या आसपास येते. वर्ग विसरल्यामुळे मोटार अपेक्षेपेक्षा फार मऊ झाल्याची उदाहरणे पुष्कळ सापडतील. आपण मात्र आपल्या मोटारीचे गुणोत्तर स्वतः मोजून हा हिशेब पुन्हा करावा.

मागच्या बाजूची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी अधिक ठेवण्याचा संकेत १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ओली यांनी रूढ केला. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला नंतर. मागची बाजू थोडी लवकर हलली की ती पुढच्या हेलकाव्याला गाठते आणि मोटार नाक-शेपटी हलवत राहण्याऐवजी सपाट वर-खाली होते. लांबच्या प्रवासासाठी हे फार सुखाचे आहे. ट्रॅकसाठी बनवलेले संच हा विचार बाजूला ठेवतात, म्हणून आपला संच कोणत्या वापरासाठी आहे ते पाहावे.

क्लिकांविषयी : सर्वांत मऊ टोकापासून सुरुवात करावी, घराजवळचा एकच ओळखीचा, खडबडीत रस्ता निवडावा आणि दर फेरीस दोन क्लिक वाढवावेत. उंचवट्यानंतर बॉडी एका हेलकाव्यात स्थिरावू लागली की थांबावे. बहुतेक स्वस्त संचांत एकच स्क्रू असतो आणि तो मुख्यतः चाक खाली परतण्याचा वेग बदलतो. तो फार आवळला तर लागोपाठच्या धक्क्यांत चाक पूर्ण खाली येण्यापूर्वीच पुढचा धक्का बसतो, मोटार हळूहळू खाली खेचली जाते आणि अखेरीस बंप स्टॉपवर चालू लागते. आपण म्हणाल, स्प्रिंग कडक आहे. प्रत्यक्षात चूक क्लिकची असते. उंची बदलायची तर ती शक्यतो शॉक ॲब्सॉर्बरच्या खालच्या ब्रॅकेटवर बदलावी, स्प्रिंगखालची चकती आवळून नव्हे.

प्रश्न : असे बदल कायद्यात बसतात का? विम्याचे काय? (कोल्हापूर)

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करता येत नाहीत आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये मालकासाठी प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा भाग बसवणे आणि उंची बदलणे या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. उंची बदलणार असाल तर आधी आरटीओत चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवून तिचे उत्तर जपून ठेवावे.

प्रश्न : नवीन शॉक ॲब्सॉर्बर बसवल्यापासून मोटार मूळ उंचीपेक्षा किंचित वर राहते आणि वळताना करकर आवाज येतो. भाग सदोष असेल का? (सांगली)

उत्तर : भाग परत पाठवण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घ्यावी. रबरी बुशांचे बोल्ट मोटार लिफ्टवर, चाके लोंबकळत असताना पूर्ण आवळले गेले असतील, तर मोटार खाली आल्यावर प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो. तो स्प्रिंगप्रमाणे मोटारीला वर ढकलतो, आवाज करतो आणि काही महिन्यांत फाटतो. आर्मचे ते सर्व बोल्ट सैल करून, मोटार चारही चाकांवर उभी असताना किंवा आर्मखाली जॅक लावून तेवढाच भार दिल्यानंतर, उत्पादकाने दिलेल्या टॉर्कवर पुन्हा आवळून घ्यावेत. त्यानंतर शंभरएक किलोमीटर चालवून चाकांचे कोन जुळवून (अलाइनमेंट करून) घ्यावेत, आणि त्या वेळी चालकाच्या आसनावर आपल्या वजनाइतका भार ठेवण्याचा आग्रह धरावा. बुश आधीच फाटले असतील, तर मात्र ते नवे घालावे लागतील.