चेअरमन वहीच का मागतात?

प्रश्न : तालुक्याच्या दूध संघात मी कॉम्प्युटरचं काम बघते. सात संकलन केंद्रांचा रोजचा डॅशबोर्ड एक्सेलमध्ये केलाय. चौदा चार्ट आहेत, पाय चार्ट आहेत, गाडीच्या मीटरसारखे काटेसुद्धा. चेअरमनसाहेब एकदा 'छान' म्हणाले, पण रोज सकाळी वहीच मागतात. माझं चुकतंय कुठे?
– एक वाचक

उत्तर : अहो, आधी ती वही बघा. साहेब कुठल्या रकान्यावर बोट ठेवतात ते दोन दिवस गुपचूप पाहा. माझी पैज आहे, कालचं लिटर आणि आजचं लिटर शेजारीशेजारी असतील. तुमचा काटा आजचा आकडा दाखवतो, पण दूध घटलं की वाढलं आणि कुठल्या केंद्रावर, याबद्दल तो गप्प. काटे काढून टाका. एका काट्याच्या जागेत तीस दिवसांची रेघ आरामात मावते.

पाय चार्टही काढा. सात तुकड्यांत १६ टक्क्यांचा कुठला आणि १८चा कुठला, हे मलाही नुसतं बघून सांगता येत नाही. त्याऐवजी जास्त दुधाचं केंद्र वर, कमीचं खाली, अशा आडव्या पट्ट्या करा. विल्यम प्लेफेअरने बार चार्ट छापला १७८६ साली आणि पाय चार्ट १८०१ साली. मला विचाराल तर त्याने बारवरच थांबायला हवं होतं.

आता फॅट, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाची टक्केवारी. सगळ्या केंद्रांच्या फॅटची बेरीज करून सातने भागत असाल, तर आजच थांबा. समजा एका केंद्रावर १०० लिटर दूध ४.० फॅटचं आलं आणि दुसऱ्यावर ९०० लिटर ३.४ चं. साधी सरासरी ३.७ येते आणि सगळे खूश. पण टँकरमधल्या दुधाची फॅट निघेल ३.४६, म्हणजे गाईच्या दुधाला दर ठरवताना सहसा जी ३.५ फॅट धरतात, तिच्या खाली. लिटरने गुणून मग भागा. सकाळ-संध्याकाळही वेगळी ठेवा. संध्याकाळच्या दुधाला फॅट बहुधा जास्तच लागते, ती सरासरीत मिसळली की सकाळची घसरण झाकली जाते.

एक चूक माझी सांगते. मीही अशाच एका संघात होते. फॅटच्या बार चार्टचा अक्ष मी ३.४ पासून सुरू केला, फरक नीट दिसावा म्हणून. एका केंद्राची फॅट ३.७ वरून ३.५ वर आली आणि चार्टात दांडी तिसऱ्या हिश्श्यावर! मीटिंगमध्ये कुणीतरी 'पाणी घातलंय' म्हणालं आणि तिथल्या सेक्रेटरीला भर सभेत उभं केलं. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तेव्हापासून दांड्या शून्यापासूनच. बारीक चढउतार दाखवायचा तर रेघ काढते आणि ३.५ वर एक फिकट आडवी रेषा मारते.

लाल-हिरव्याच्या भरवशावर राहू नका. काही पुरुषांना त्यातला फरक दिसत नाही, आणि तुमचा प्रिंटर काळापांढरा असणारच. रंगासोबत 'कमी' असा शब्द लिहा.

चौदांपैकी तीन चार्ट उरले तरी पुष्कळ झाले. आणि वर कोपऱ्यात ठळक लिहा : 'सकाळचं संकलन, ७.४० पर्यंत'. नाहीतर दोन केंद्रांचे आकडे यायचे असतील आणि साहेब दूध घटलं म्हणून टँकरच्या ड्रायव्हरला फोन लावतील.