जुन्या पेडल स्टील गिटारच्या झिजलेल्या किल्ल्या ठाण्यात बदलून घेता येतील का?

तुम्ही लिहिलंय की काकांकडून आलेली सत्तरच्या दशकातली दहा तारांची शो-बड कंपनीची पेडल स्टील घोडबंदर रोडच्या घरी आहे, किल्ल्या ढिल्या झाल्यात, दोन-तीन तारा सारख्या उतरतात, आणि दुकानदार म्हणतोय, "भोकं थोडी मोठी करून गिटारच्या नव्या किल्ल्या टाकून देतो."

भोकं मोठी करू देऊ नका. किल्ली बाजारात दुसरी मिळेल, काकांच्या गिटारचं की-हेड, म्हणजे किल्ल्या बसवलेला टोकाचा भाग, मिळणार नाही. तुम्ही फोटो टाकला नाहीत, पण या वाद्यांचं की-हेड बहुधा ॲल्युमिनियमचं असतं, आणि हँड ड्रिलने त्यात सरळ, गोल भोक पाडणं भल्याभल्यांना जमत नाही. वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये नोकरी केलेला माणूस म्हणून हे सांगतोय. पेडल स्टील, म्हणजे आडवी ठेवून वाजवायची आणि पायाच्या पेडलने तारांचा सूर बदलणारी गिटार, आपल्याकडे क्वचितच दिसते. मी हौसेने हवाईयन गिटार वाजवतो, पण किल्लीचं यंत्र दोन्हीकडे एकच.

आधी दोष किल्लीचाच आहे का ते बघा. किल्लीत वर्म (आट्यांची दांडी) आणि गिअरची जोडी असते. बटण फिरवलं की तार गुंडाळलेला खुंट फिरतो, पण तार कितीही ओढली तरी खुंट उलटा बटणाला फिरवू शकत नाही. म्हणून झिजलेली किल्ली सहसा लावलेली तार हळूहळू उतरवत नाही, ती तार लावताना छळते. बटण मोकळं फिरतं, मग एकदम झटका बसतो आणि सूर पुढे निघून जातो. नुसता प्ले (दातांमधली मोकळीक) असेल तर इलाज फुकटचा आहे: नेहमी खालून वर चढवत सूर लावा. सूर वर गेला तर पुरता खाली आणा आणि पुन्हा चढवा, म्हणजे दात एकाच बाजूला टेकून राहतात.

तुमच्या उतरणाऱ्या तारांसाठी खुंटावर आणि की-हेडवर मार्करने एक सलग रेघ मारा. तार लावा, पेडल दहा-पंधरा वेळा दाबा. सूर उतरला आणि रेघ जागच्या जागी असेल, तर किल्ली निर्दोष आहे. मग खुंटावरचे वेढे सरकतायत का, रोलर नट (की-हेडजवळ तारांखालच्या फिरत्या चकत्या) अडकलाय का, चेंजर (पेडलने तार ओढणारं दुसऱ्या टोकाचं यंत्र) पूर्ण परत येतोय का, ते बघायचं. आपल्या खाडीकाठच्या हवेत रोलर जाम होणं काही नवल नाही. ई-नाइन ट्यूनिंग (तारा लावायची एक ठरलेली पद्धत) असेल तर आणखी एक गंमत: ए आणि बी पेडल एकत्र दाबून चौथी तार छेडा. ही पेडल तिला हात लावत नाहीत, तरी ती किंचित उतरते आणि पेडल सोडताच वर येते. ती बॉडीची लवचीकता आहे. तिच्यासाठी किल्ल्या बदलल्यात तर पैसे पाण्यात.

गिअरचे दात निसटत असतील, खुंट बुशमध्ये (भोकातल्या धातूच्या नळीत) डुगडुगत असेल किंवा बटणाची दांडी वाकली असेल, तर मात्र किल्ली बदलायलाच हवी. उघड्या गिअरच्या किल्लीत मधला स्क्रू जरा आवळून बघायला हरकत नाही. बंद डब्याच्या किल्लीत बटणावरचा स्क्रू फक्त फिरण्याचा जडपणा बदलतो, झिजलेले दात परत आणत नाही.

खरेदीआधी एक किल्ली काढून व्हर्निअरने मापं घ्या. त्या काळात ग्रोव्हर, क्लूसन, शॅलर अशा किल्ल्या असायच्या. जुन्या क्लूसन पद्धतीच्या किल्लीला भोक ८.७ मिलिमीटरच्या आसपास लागतं, तर आजच्या बंद किल्लीला साधारण १० मिलिमीटर. दुकानदार ड्रिल काढतोय तो बहुधा याच फरकासाठी. भोक लहान असेल तर लहान भोकाचीच किल्ली मागवा, नवी मिळते. उलट, कुणीतरी आधीच भोक १० चं करून ठेवलं असेल आणि तुम्हाला बारीक खुंटाची किल्ली हवी असेल, तर वागळे किंवा रबाळ्याच्या लेथवाल्याकडून पितळी बुश करून घ्या. बुश बोटाच्या दाबाने बसला पाहिजे. हातोडी लागत असेल तर पुन्हा लेथवर.

भोकाइतकंच महत्त्वाचं म्हणजे शेजारच्या दोन खुंटांमधलं अंतर. पाच किल्ल्या एका ओळीत असतात, नव्या किल्लीचा डबा रुंद असला तर त्या एकमेकींना भिडतात. की-हेडची जाडीही मोजा, नाहीतर किल्ली वरून आवळणाऱ्या कॉलरचे आटे पुरत नाहीत.

सेट घेताना माणसं फसतात ती इथे. पाच डाव्या आणि पाच उजव्या लागतात. गिटारचा तीन-अधिक-तीनचा सेट दोनदा घेतलात तर दोन्ही बाजूंना सहा-सहा मिळतात आणि एकेक जास्तीची उरते. एका ओळीत सहा असलेला सेट घेऊ नका, त्या सगळ्या एकाच हाताच्या असतात. गिअर रेशो (खुंटाच्या एका फेऱ्याला बटणाचे किती फेरे) १४:१ पुरतो, मला १८:१ आवडतो. ६ मिलिमीटरच्या खुंटावर बटणाच्या एका फेऱ्याला १४ मध्ये सुमारे १.३५ मिलिमीटर तार गुंडाळली जाते, १८ मध्ये १.०५. बारीक तारांवर हा फरक हाताला कळतो.

काम एकेका तारेचं करा, दहाही तारा एकदम उतरवू नका. स्क्रू गंजून धरले असतील तर तेल सोडून रात्रभर ठेवा आणि घाईत त्यांची खाच मोडू नका. कॉलर आधी हाताने लावा, किल्ली सरळ करा, मगच पान्याने बेताने आवळा. काढलेल्या किल्ल्या तारेचा नंबर लिहून पुडीत ठेवा. पुढे कधी वाद्य विकलंत तर घेणारा त्या मागेल. शिवाय एखादी चांगली निघाली तर तिसऱ्या तारेला लावता येईल. तुटते सगळ्यात जास्त तीच, त्यामुळे तिची किल्लीही सगळ्यात जास्त फिरते.

की-हेडचा खालून काढलेला फोटो आणि भोकाचं माप इथे टाका, कुठल्या पद्धतीची किल्ली मागवायची ते सांगतो.