कुंडीतले प्रश्न : ड्राय बाल्कनीतला गांजा आणि रुसलेली शेवंती

प्रश्न : काकू, मी २७ वर्षांचा आहे. बाणेरला दोन मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. झाडांचा अनुभव शून्य. कॉलेजमधला एक मित्र सध्या जर्मनीत आहे, तो घरात ‘ऑटोफ्लावर’ गांजा लावतो. म्हणतो, याच्याइतकं सोपं झाड नाही, टायमरची कटकट नाही, अडीच महिन्यांत काम तमाम. आमची ड्राय बाल्कनी रिकामी पडलेली आहे. मी ऑनलाइन एक तंबू आणि १०० वॉटचा लाइट मागवून ठेवलाय. एकच रोप लावायचंय, तेही स्वतःपुरतं, कारण रात्री झोप लागत नाही. कुंडी केवढी घेऊ? लाइट किती तास ठेवू? आणि हे ‘ऑटो’ म्हणजे नक्की काय, झाडाला फुलायची वेळ कळते कशी? – नाव छापू नये, बाणेर

उत्तर : नाव छापलेलं नाही. वय लिहिलंस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी देणार नाही. तिसऱ्याचं देते, आणि पोटभर देते. चौतीस वर्षं सोलापूर रस्त्याला नर्सरी चालवली, गिऱ्हाइकांनी हजार प्रश्न विचारले, पण ‘झाडाला कळतं कसं’ असं विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आधी नकोसं बोलून घेऊ. आपल्याकडे अमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. कलम ८ गांजाचं झाड लावायला मनाई करतं आणि कलम २० त्याची शिक्षा सांगतं : दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. झाड म्हणजे कॅनाबिस वंशातलं कुठलंही झाड. ऑटो असो, बिनऑटो असो, वीतभर असो की ताडाएवढं. ‘एकच रोप’ यावर तुझी सगळी मदार दिसते. जवळ थोडा माल सापडला तर शिक्षा कमी, जास्त सापडला तर जास्त, अशा पायऱ्या कायद्यात आहेत खऱ्या, पण त्या माल बाळगण्यासाठी. लावण्याच्या कलमात वजनकाटा नाही. शिवाय कलम २५ आहे : जागेत असा गुन्हा होतोय हे माहीत असून जो होऊ देतो, त्यालाही तीच शिक्षा. म्हणजे तुझ्या दोन मित्रांनी रोज तुझ्या तंबूशेजारी कपडे वाळत घातले की तेही त्यात आले. त्यांना विचारलंस का?

तुझ्या जर्मनीतल्या मित्राचं ठीक आहे. तिथे १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला घरी तीन झाडांची मुभा आहे. बाणेरला नाही. उत्तराखंडात लोक परवाना काढून लावतात, पण ती धाग्यासाठीची, नशा जवळपास नसलेली जात, आणि लावणारा शेतकरी सरकारदरबारी कागद करून लावतो. आणि तिकडून पाकीट पाठवायला सांगणार असशील, तर परदेशी बी आणायला २००३ च्या वनस्पती क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परवाना आणि आरोग्य प्रमाणपत्र लागतं. हे साध्या टोमॅटोच्या बियांनाही लागू आहे. आमच्या वेळी लोक अमेरिकेहून येताना मोज्यांत बी लपवून आणायचे आणि मग ‘काकू, हे उगवत का नाही’ म्हणून माझ्याकडे यायचे.

झोपेचं म्हणशील तर डॉक्टर गाठ. मी झाडांची बाई आहे.

आता तुझा खरा प्रश्न.

बरीचशी झाडं वाढत्या वयाकडे बघून फुलत नाहीत, रात्रीकडे बघून फुलतात. हे कळलं ते तंबाखूमुळे. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या शेतावर गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांकडे तंबाखूची एक जात होती, मेरीलँड मॅमथ. उन्हाळाभर नुसती उंच वाढायची, फुलायचं नाव नाही. खत बदललं, पाणी बदललं, काही उपयोग नाही. शेवटी त्यांनी कुंड्या दुपारीच उचलून अंधाऱ्या खोपटात ठेवायला सुरुवात केली आणि झाडं फुलली. १९२० मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. नंतर उलगडलं की झाड मोजतं तो दिवस नसतोच, सलग अंधार असतो. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावला तरी झाडाची मोजणी मोडते.

साधा गांजा या रात्र मोजणाऱ्या गटातला. रात्री मोठ्या व्हायला लागल्या की फुलतो. आता नकाशा डोळ्यांसमोर आण. पुणे साडेअठरा अक्षांशावर. आपला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, सर्वांत लहान अकराचा. वर्षभरात फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. मॉस्कोला जूनमध्ये साडेसतरा तास दिवस असतो. त्या बाजूच्या रानात झाडाने रात्र मोठी व्हायची वाट बघितली, तर तोवर थंडी येऊन बी धरायच्या आत सगळा खेळ आटोपेल. म्हणून तिथल्या एका रानगट प्रकाराने वाट बघणंच सोडून दिलं. उगवल्यावर तीन-चार आठवड्यांत, रात्र केवढीही असो, फुलायला लागायचं. यानिशेव्स्की नावाच्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये त्याला रुडेरालिस असं नाव दिलं. रुडेरा म्हणजे लॅटिनमध्ये राडारोडा, पडझड. थोडक्यात, उकिरड्यावरचा गांजा. ही वेगळी जात मानावी की नाही यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. हा बुटका, आणि नशा नावापुरती. त्याचा तो वाट न बघण्याचा गुण संकर करून दुसऱ्या गांजांत आणला, तो तुझा ‘ऑटो’. आपोआप वगैरे काही नाही त्यात. थंडीच्या धाकाने घाईवर आलेलं झाड आहे ते.

आणि हेच सगळं तुला कायद्याची भीती न बाळगता घरात बघता येतं. माझ्यावर बेतलं ते सांगते.

आमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत शेवंतीच्या सहा कुंड्या असतात, एका ओळीत. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना घरची पिवळी शेवंती, हा माझा वर्षानुवर्षांचा तोरा. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात सोसायटीने आवारात नवे पांढरे एलईडी दिवे लावले. एक नेमका गॅलरीच्या डाव्या टोकासमोर, रात्रभर चालू. ऑक्टोबर संपत आला तरी डावीकडच्या तीन कुंड्यांवर कळी नाही. पानं मात्र अशी हिरवीगार, टवटवीत की बघत राहावं. उजवीकडच्या दोन कळ्यांनी लगडलेल्या. मी आधी खताला दोष दिला, मग मुलाने पाणी जास्त घातलं म्हणून त्याला बोलले. शेवटी सहावी, म्हणजे ओळीतली चौथी कुंडी नीट बघितली. तिच्या दिव्याकडच्या फांद्या कोऱ्या, आणि भिंतीच्या सावलीतल्या फांद्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या. एकाच कुंडीत, एकाच मातीत. इतकी वर्षं धंदा करून हे लक्षात यायला मला दोन महिने लागले, याची लाज वाटली.

दिवा बंद करा म्हणून अर्ज दिला, तर ‘सुरक्षेचा प्रश्न आहे’ असं उत्तर आलं. मग नव्या टीव्हीचं खोकं होतं, ते रोज संध्याकाळी सहाला त्या तीन कुंड्यांवर उपडं घालायचं आणि सकाळी सातला काढायचं. शेजारच्या वहिनी विचारायच्या, कोंबड्या पाळल्यात का म्हणून. तीन आठवड्यांनी कळ्या दिसल्या. फुलं आली तेव्हा पौष लागला होता. गुरुवार मंडईतल्या शेवंतीवर भागवले.

पॉलिहाउसवाले हाच खोडसाळपणा मुद्दाम करतात. रात्री दिवे लावून शेवंतीला थोपवून धरतात आणि दर असेल त्या हिशेबाने फुलवतात.

तर तंबू-लाइट फुकट गेले असं समजू नकोस. त्यात मिरची लाव. तीही रात्र मोजत नाही, वय झालं की फुलते. तुझ्या भाषेत अस्सल ऑटो, आणि तिच्यासाठी कुणी दार ठोठावणार नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले ज्योती घे, मिरच्या घोसाने लागतात. आधी रोपं करायची, पाच-सहा आठवड्यांची झाली की एकेक बारा इंची कुंडीत. माती, गांडूळखत आणि कोकोपीट सारख्या वाट्याने. लाइट चौदा तास पुरे. १०० वॉटने दिवसाला १.४ युनिट, महिन्याला ४२. बिलाच्या खालच्या टप्प्यात असाल तर वरच्यात ढकलायला तेवढे पुरतात, तेव्हा रूममेट्सशी हिशेब आधीच कर. अजून लाइट घेतला नसतास तर म्हटलं असतं, तपकीर गल्लीत जा आणि वीस वॉटच्या चार साध्या एलईडी पट्ट्या आण, काम तेच. मात्र उंचीकडे लक्ष ठेव. माणसाच्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते तेव्हा झाडाला ती संध्याकाळ असते. पट्ट्या असत्या तर वीतभर वर टांगायला सांगितलं असतं. तुझा लाइट जास्त तापतो, त्याखाली हात धरून बघ, मिनिटभरात तळहाताला चटका जाणवला तर वर घे.

तंबूत मधमाशी नसते. मिरचीला फार अडत नाही, फूल उमललं की सकाळी फांदीला टिचकी मार. फुलं गळायला लागली तर आधी आतली उष्णता बघ, झिप उघडी ठेव, छोटा पंखा लाव. पानं वर वळून द्रोणासारखी झाली तर फुलकिडे, खाली वळली तर बहुतेक कोळी नावाची बारीक कीड. आणि पाणी. पहिल्यांदा झाड लावणारा माणूस झाडाला तहानेने मारत नाही, बुडवून मारतो. बोट दोन पेरं मातीत घाल, ओल लागली तर तांब्या खाली ठेव.

ठेच्यापुरत्या मिरच्या निघाल्या की कळव.

प्रश्न : आमच्या गच्चीवरच्या ड्रममध्ये एक झाड आलं आहे. बी सासूबाईंनी लातूरहून आणलं होतं. सोसायटीचे एक पदाधिकारी फोटो काढून गेले आणि ग्रुपवर टाकून ‘हा गांजा आहे, पोलिसांना कळवावं लागेल’ म्हणाले. सासूबाई म्हणतात अंबाडी आहे. त्यांनी दोन दिवस जेवण सोडलं होतं. फोटो जोडला आहे. – एक सून, धायरी

उत्तर : सासूबाईंना आधी जेवू घाला. अंबाडीच आहे.

पदाधिकाऱ्यांची चूक मात्र अगदी जुनी आहे. अंबाडीच्या एका जातीचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे गांजासारखी दिसणारी जास्वंद. पान पंजासारखं, कडेला दाते, फसगत होतेच. पण फोटो मोठा करून बघा : अंबाडीच्या पानाची बोटं मुळाशी जोडलेली असतात, तळहातासारखी. गांजाची प्रत्येक पाती देठापर्यंत सुटी असते. खोडावर हात फिरवला तर अंबाडीची बारीक कुसळं टोचतात. एवढ्यानेही पटलं नाही तर त्यांना एक पान चघळायला द्या. चिंचेसारखं आंबट लागलं की वाद मिटला. ऑक्टोबरपर्यंत ठेवलीत तर फिकट पिवळी, मध्ये गडद किरमिजी डोळा असलेली फुलं येतील. तो फोटो ग्रुपवर तुम्ही टाका.

पण तेवढं थांबू नका, भाजी आधी खुडा. ज्वारीच्या कण्या आणि थोडी तूरडाळ घालून शिजवायची, वरून लसणाची चरचरीत फोडणी. सासूबाईंना हे मी सांगायला नकोच. एक वाटी पदाधिकाऱ्यांकडे पाठवायची की नाही ते त्यांनाच ठरवू दे.

प्रश्न : मार्चमध्ये कुंडीत कोथिंबीर पेरली. चार बोटं झाली नाही तोच तुरे आले आणि पानं शेपूसारखी बारीक झाली. बी खराब होतं का? – निवृत्त शिक्षक, सहकारनगर

उत्तर : बी उत्तम होतं सर, वेळ चुकली. कोथिंबीर शेवंतीच्या उलट. दिवस वाढायला लागला आणि ऊन तापलं की ती पानं सोडून फुलाच्या मागे लागते. आता खुडून काही होणार नाही, तसंच राहू द्या, पांढरी फुलं येतील, मधमाश्या येतील, मग धने धरतील. ते वाळवून ऑक्टोबरच्या शेवटी पेरा, पेरण्याआधी लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा. उन्हाळ्यातच हवी असेल तर पूर्वेच्या खिडकीत, दहानंतर ऊन येणार नाही अशा जागी, दर पंधरा दिवसांनी मूठभर धने पेरत राहा आणि वीतभर व्हायची वाट न बघता उपटून आमटीत घाला.